इंग्रजी नेमकं कुठे अडतं ते दाखवणारी चाचणी कशी घ्यावी

प्रश्नपत्रिका काढायला बसलात की प्रत्येक प्रश्न एकदा या कसोटीवर घासून बघा: काहीही न समजता याचं उत्तर लिहिता येईल का? ‘द ग्लोक वेंट टू द स्नार्प. व्हेअर डिड द ग्लोक गो?’ ग्लोक आणि स्नार्प असले शब्दच नाहीत, मी आत्ता बनवलेत. तरीही सहावीतलं चलाख पोरगं ‘द ग्लोक वेंट टू द स्नार्प’ असं वळणदार अक्षरात उतरवून पूर्ण गुण घेऊन जाईल. उताऱ्यावरचे आपले बरेच प्रश्न या जातीचे असतात, म्हणून त्यांतून मुलाबद्दल काहीच कळत नाही.

मी सांगोला तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची आणि डाळिंबाच्या बागांत कामाला जाणाऱ्यांची. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सहावीतल्या मुलाने पाच वर्षं ते वाचलेलं, ऐकलेलं असतं. ‘याचं इंग्रजी कच्चं आहे’ एवढ्याने माझं काम भागत नाही. ‘नकारार्थी भूतकाळात क्रियापद चुकतं’ किंवा ‘श आणि स यांतला फरक ऐकू येतो, पण बोलताना सुटतो’ असं हाती लागलं, की सोमवारी वर्गात काय घ्यायचं ते आपोआप ठरतं.

त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट तपासायची. व्याकरणाच्या चाचणीत स्पेलिंगचे गुण कापायचे नाहीत. शब्दसंग्रह तपासताना वाक्य चुकलं तरी शब्द बरोबर वापरला असेल तर गुण द्यायचा. उच्चारांच्या वेळी मुलाला अनोळखी शब्द वाचायला लावायचे नाहीत, कारण मग तो अडखळला तर वाचता आलं नाही की बोलता आलं नाही हे समजत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीतली इंग्रजीची चाचणी मला याच कारणाने आवडते. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, साधे शब्द, सोपी वाक्यं अशा पायऱ्या असतात आणि मूल जिथपर्यंत वाचतं तिथला अर्थ वेगळा विचारतात. घडाघडा वाचणाऱ्या मुलाला अर्थ माहीत असतोच असं नाही.

व्याकरण

गाळलेल्या जागेपुढे कंसात ‘गो’ आणि वाक्यात ‘यस्टरडे’ दिसलं की मूल ‘वेंट’ लिहितं. त्याला रूप पाठ आहे एवढं त्यातून कळलं. आता त्याच मुलाला म्हणा, काल तू बाजाराला गेला नाहीस हे सांग. ‘आय डिड नॉट वेंट’ येईल. साध्या विधानात न दिसणारी चूक नकार आणि प्रश्न आले की बाहेर पडते, म्हणून काळाची चाचणी घेताना दर तीन वाक्यांत एक होकारार्थी, एक नकारार्थी आणि एक प्रश्नार्थक ठेवा. शेवटी कुठलाही आधार न देता काल संध्याकाळी घरी काय काय केलं याची चार-पाच वाक्यं लिहायला सांगा. गाळलेल्या जागा सगळ्या बरोबर आणि ही वाक्यं मात्र वर्तमानकाळात, असं झालं तर मुलाला रूप येतं, वापर येत नाही.

काही चुका आपल्या मुलांच्या खास असतात आणि तयार प्रश्नसंचांत त्या सापडत नाहीत. ‘माझे वडील शेतकरी आहेत’ हे मनात धरून मूल ‘माय फादर आर फार्मर’ लिहितं. वडिलांना एकवचनी म्हणायला त्याची जीभ धजत नाही. ‘मला दोन बहिणी आहेत’ याचं ‘आय ॲम टू सिस्टर्स’ होतं. ‘तू काय करतोयस?’ याचं ‘व्हॉट यू आर डूइंग?’ होतं. अशी पाच-सहा मराठी वाक्यं देऊन त्यांचं इंग्रजी करून घ्या. भाषांतर ही शिकवायची पद्धत म्हणून मला फारशी पटत नाही, पण चूक उघडी पाडायला याहून सरळ साधन नाही.

‘इन, ऑन, अंडर’ तपासायला कागद लागतच नाही. वर्गातल्या वस्तू घ्या आणि हुकूम द्या. मात्र ‘पुट द बुक ऑन द टेबल’ म्हणू नका. पुस्तक टेबलावरच ठेवतात, ते ‘ऑन’ न कळताही मूल ठेवेल. ‘पुट द चेअर ऑन द टेबल’, ‘पुट द डस्टर इन युअर शूज’, ‘पुट युअर बॅग अंडर द मॅट’ असं सांगा. अंदाजाला वाव नसलेला हुकूम असेल तरच शब्द कळला की नाही ते दिसतं. आणि सांगताना तुमची नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवा. तुम्ही खुर्चीकडे बघितलंत की तोही खुर्चीकडे बघणार.

नियम खरंच डोक्यात बसलाय की शब्द नुसता पाठ आहे, हे ओळखायची एक देखणी युक्ती आहे. जीन बर्को या अमेरिकन भाषाअभ्यासक बाईंनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं होतं. हा ‘वग’. आता असे दोन आहेत, तर हे दोन कोण? मुलं ‘वग्झ’ म्हणाली. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता, म्हणजे उत्तर पाठांतरातून आलेलं असणं शक्यच नाही. मी फळ्यावर असेच तीन विचित्र पक्षी काढते: वग, बिक आणि टॅस. अनेकवचन तोंडी विचारायचं. ‘वग्झ’, ‘बिक्स’ आणि ‘टॅसेस’ अशी तीन वेगवेगळी शेपटं यायला हवीत. बर्कोबाईंच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनाही यातलं तिसरं अवघड गेलं होतं, तेव्हा आपल्या मुलांचं तिथे अडलं तर नवल नाही. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि चाचणी चालू आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. क्रियापदांनाही तो चालतो: हा माणूस ‘रिकिंग’ करतोय, कालही त्याने तेच केलं, तर ‘यस्टरडे ही…’?

‘अ’ आणि ‘ॲन’ तपासताना ॲपल आणि मँगोवर थांबू नका. ‘आवर’, ‘युनिफॉर्म’, ‘एमएलए’ हे शब्द द्या. अक्षर बघून लिहिणारं मूल इथे चुकतं आणि कानाने ठरवणारं बरोबर लिहितं.

पर्यायी प्रश्नांबद्दल एवढंच: शिष्यवृत्ती परीक्षेत इंग्रजीचे २५ प्रश्न असतात. चार पर्यायांतला एक बरोबर असेल, तर प्रश्न न वाचता गोळे रंगवूनही सरासरी सहा बरोबर येतात. तेव्हा सरावात कुठल्याही चार प्रश्नांना ‘हाच पर्याय का?’ असं तोंडी विचारा, मराठीत विचारा आणि उत्तरही मराठीतच येऊ द्या.

शब्द

शब्द ओळखता येणं आणि वापरता येणं या दोन गोष्टींच्या चाचण्या वेगळ्या हव्यात. ओळखीसाठी वीस-पंचवीस शब्दांची यादी द्या आणि माहीत असलेल्या शब्दापुढे खूण करायला सांगा. त्यात चार-पाच शब्द बनावट टाका: प्लिम, ग्रोब, टस्केल असे. याला गुण नाहीत हे आधी स्पष्ट सांगा. जो मुलगा ग्रोबपुढेही खूण करतो त्याच्या बाकीच्या खुणांवर तेवढाच भरवसा ठेवायचा. त्याला रागवायचं काही कारण नाही, त्याने फक्त आपल्याला खूश करायचा प्रयत्न केलेला असतो.

वापर तपासायला अर्थ विचारू नका. ‘हेवी म्हणजे जड’ हे सगळ्यांना पाठ असतं. ‘व्हॉट कॅन बी हेवी?’ असं विचारा आणि तीन गोष्टी मागा. बॅग आणि स्टोन सगळे सांगतील; ज्याने रेन किंवा ट्रॅफिक सांगितलं त्याचा शब्द पुढे गेलाय.

मुलांच्या तोंडात आधीपासून किती इंग्रजी आहे याची मोजदाद कुठलीच परीक्षा करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बागेत काम करणाऱ्या घरातलं मूल ड्रिप, मोटर, स्टार्टर, व्हॉल्व्ह, क्रेट, स्प्रे, पेमेंट हे शब्द रोज वापरतं. त्याला सांगा, तुझ्या घरी, रानात, गावात जे इंग्रजी शब्द बोलतात ते लिही, स्पेलिंग येत नसेल तर देवनागरीत लिही. पान भरतं. ज्या मुलाला इंग्रजी येत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं, त्याचं पानही भरतं. मग त्यातले पाच शब्द घेऊन वाक्यं करून घ्यायची आणि कुठल्या शब्दाचा अर्थ इंग्रजीत जरा वेगळा आहे तेही तिथेच तपासायचं. चहा-भजी मिळतात ते आपलं हॉटेल, इंग्रजी हॉटेलात मुक्काम करतात.

उच्चार

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण बहुतेक ठिकाणी उच्चारांची चाचणी म्हणजे धडा मोठ्याने वाचून घेणं असतं. दहावीला इंग्रजीच्या १०० गुणांत लेखी ८० आणि तोंडी २० असतात. ते २० गुण देताना नेमकं काय ऐकायचं, हे मात्र पाचवी-सहावीपासून ठरवलेलं असायला हवं.

आधी कान तपासा. जो फरक ऐकू येत नाही तो बोलता येणार नाही. फळ्यावर १ आणि २ असे दोन रकाने करून जोडी लिहा: शिप–शीप, पेन–पॅन, कोट–कॉट, सी–शी, सिप–झिप, फिल–फील. मुलांना डोळे मिटायला लावा, तुम्ही शब्द म्हणा, मुलांनी एक किंवा दोन बोटं वर करायची. डोळे मिटलेले असल्यामुळे शेजाऱ्याची बोटं दिसत नाहीत. एका जोडीला दहा वेळा विचारा आणि क्रम उलटसुलट ठेवा. दहापैकी पाच तर नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात, त्यामुळे आठच्या खाली गेलेल्या मुलाला फरक ऐकू येतो असं मी नोंदवत नाही.

मग जीभ. त्याच शब्दांच्या चिठ्ठ्या करा. एका मुलाने चिठ्ठी वाचायची, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याने ऐकून लिहायचं. ऐकणाऱ्याने ‘शीप’ लिहिलं आणि चिठ्ठीवर ‘शिप’ होतं, तर बोलणाऱ्याचा निकाल तिथेच लागला. अर्थात ऐकणारा कानाच्या चाचणीत पास झालेला निवडायचा.

देवनागरी इथे आपल्या बाजूने आहे. ऐकलेला शब्द देवनागरीत लिहायला सांगा. आपल्याकडे ॲ आणि ऑ साठी खुणा आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आहे, स, श आणि झ वेगळे आहेत. स्पेलिंग बाजूला राहतं आणि मुलाला काय ऐकू आलं ते कागदावर दिसतं. एक काळजी मात्र घ्या. मुलांच्या पुस्तकात इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने उच्चार लिहून ठेवलेले असतात. ते पुस्तक समोर ठेवून वाचन घेतलंत तर मूल मराठी वाचत असतं. वाचनासाठी नेहमी कोरा, वेगळा कागद द्या.

त्या कागदावर काय हवं? भूतकाळी क्रियापदं हवीत, कारण मुलं ‘वॉकेड’, ‘वॉशेड’ वाचतात. ‘वॉक्ट’, ‘कॉल्ड’, ‘वॉन्टिड’ हे तीन शेवट वेगळे येतात का ते ऐका. मूक अक्षरांचे ओळखीचे शब्द हवेत: नाइफ, लिसन, टॉक, हाफ, आयलंड. ‘सेज’ आणि ‘सेड’ हवेत, कारण हे अगदी रोजचे शब्द मोठ्या वर्गातही चुकतात. आठवीला ‘प्रेझेंट’, ‘रेकॉर्ड’ असे दोन तऱ्हांनी जोर घेणारे शब्द वाक्यात द्या आणि जोर असेल तिथे टाळी वाजवायला सांगा.

कशाचे गुण कापायचे नाहीत हेही आधी ठरवा. ‘थँक यू’ मधला आपला मराठी थ जगात कुठेही कळतो, त्याला हात लावू नका. घरी ‘साळा’ म्हणणाऱ्या मुलाचा ‘शी’ आणि ‘सी’ मध्ये गोंधळ होतो. सोलापूरकडे कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुलंही आपापले सूर घेऊन येतात. शब्द बदलत असेल तरच चूक धरायची. इंग्रजाच्या सुरात बोलणं ही अपेक्षाच नको. मुलाला इंग्रजी बोलताना लाज वाटू लागली, तर बाकीच्या सगळ्या चाचण्या फुकट गेल्या.

चाळीस मुलांची तोंडी परीक्षा एका तासात होत नाही, तशी ती घेऊही नये. वर्गाला लिहायचं काम देऊन रोज पाच जणांना दाराजवळ बाकावर बोलवा, वर्गासमोर उभं करू नका. चिठ्ठ्यांचे दोन संच ठेवा, कारण बाहेर पडलेलं मूल पुढच्याला सगळं सांगतं. फोनवर मिनिटभराचं रेकॉर्डिंग करून ठेवलंत तर नंतर शांतपणे पुन्हा ऐकता येतं.

नोंदवहीत फुली मारू नका, मुलाने दिलेलं चुकीचं उत्तर जसंच्या तसं लिहा. ‘डिड नॉट वेंट’ असं सात नावांपुढे दिसलं तर तो तास सगळ्या वर्गाचा. एकाच नावापुढे दिसलं तर त्या मुलाबरोबर मधल्या सुट्टीआधीची पाच मिनिटं पुरतात. तीन-चार आठवड्यांनी तोच मुद्दा नवीन शब्दांत पुन्हा तपासा. वग आणि बिक तोवर पाठ झालेले असतात, तेव्हा पक्षी नवे काढा. दुसऱ्या वेळीही तीच चूक आली, तर त्या मुद्द्याला पुन्हा तोच धडा, तोच फळा घेऊ नका. कृती, चित्रं, जोडीने बोलणं यांतलं जे पहिल्यांदा केलं नव्हतं ते घ्या आणि त्यानंतरच तिसरी चाचणी लावा.