नवतपाआधी पडदे वर घ्या : पॉलिहाऊसमधल्या संत्र्यासाठी सल्ला

२५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागतो. त्याआधी पॉलिहाऊसमध्ये आंबिया बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) संत्रा धरलेल्यांनी बाजूचे पडदे गुंडाळून वर बांधावेत आणि छताची खिडकी उघडी ठेवावी. बाकीची कामं दोन दिवस मागं पडली तरी चालतील.

"बाहेर लू सुरू आहे, गरम हवा आत कशाला घ्यायची?" दर उन्हाळ्यात हाच प्रश्न येतो. अहो, बाहेर ४५ अंश असेल तर बंद प्लास्टिकखाली त्याहून जास्त तापतं आणि सगळ्यात गरम हवा छताखाली, शेंड्याच्या फळांपाशीच साचते. नागपूरजवळच्या काटोलकडं एका पॉलिहाऊसमध्ये भर दुपारी गेलो होतो. थर्मामीटर दाराशी सावलीत टांगलेला, त्यामुळे मालक निर्धास्त. पश्चिमेच्या ओळीत बोराएवढ्या फळांवर चामड्यासारखे तपकिरी चट्टे पडलेले. फळासोबत चट्टा वाढतो आणि तोडणीला त्या बाजूच्या फोडी कोरड्या निघतात. थर्मामीटर फळाच्या उंचीवर टांगा.

फॉगर (पाण्याचं बारीक धुकं उडवणारे नोझल) आहे म्हणून पडदे बंद ठेवणारेही भेटतात. आपल्याकडं मे महिन्याची हवा कोरडी, त्यामुळे फॉगरनं गारवा येतो. पण ओली हवा बाहेर गेली नाही तर थोड्याच वेळात नुसता दमटपणा उरतो. खारं पाणी असेल तर नोझल बुजतात, ते वेगळंच.

मे निभला तरी पडदे विसरू नका. रात्र १३ अंशांच्या आसपास उतरल्याशिवाय सालीचा हिरवेपणा नीट जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री पडदे खाली असले की आतला उबारा टिकतो, फळातली आंबटी उतरून चव पाणचट होते, साल सुटून फळ फोपशं होतं. असा हिरवट माल नागपूरच्या कळमना बाजारात नेला की व्यापारी हात लावून बाजूला ठेवतो.

कृषी केंद्रवाला उष्णतेवरचं 'अँटी-स्ट्रेस' टॉनिक दाखवेल. बंद पॉलिहाऊसमध्ये ते मारून काही होत नाही. तेवढ्या पैशात पडद्याची दोरी आणि गुंडाळायचा पाइप येतो.

बाकी कामं :
- छतावर चुन्याचं पातळ पाणी. पावसानं आपोआप धुऊन जातं
- पश्चिमेला ५० टक्के शेडनेट, पडदा मात्र वरच
- आळ्यात वाळलेल्या गवताचं १० सेंमी आच्छादन
- फळगळ असेल तर जिबरेलिक आम्ल हे संजीवक १.५ ग्रॅम (आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून) व युरिया १ किलो, १०० लिटर पाण्यात, फवारणी संध्याकाळीच
- बुंध्याला ३ फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर

पाण्याचं माझं गणित पुस्तकातलं नाही. दुपारी पानं होडीसारखी वळतात, त्याला घाबरू नका. संध्याकाळी सहाला ती सरळ झाली नसतील, तर मात्र रात्रीच ठिबक सुरू करा. चार दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी सोडलं की फळ गळतं.