इंग्लंडमध्ये मोकळ्या जागेवर बाजार किंवा कार बूट सेल भरवताना

गाड्यांच्या डिक्या उघडून घरातल्या जुन्या वस्तू विकण्याचा ‘कार बूट सेल’ इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना चांगलाच परिचयाचा आहे. एखाद्या मंडळाला निधी उभारण्यासाठी असा सेल किंवा दिवाळीपूर्वी फराळाचा आणि कपड्यांचा बाजार स्वतःच भरवावासा वाटला, तर आयोजक बहुधा कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, एक पत्र पाठवतात आणि परवानगी मिळाली असे धरून चालतात. प्रत्यक्षात येथे तीन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात: त्या भागात बाजार भरवण्याचा हक्क कोणाकडे आहे, आगाऊ सूचना दिली आहे का, आणि त्या जमिनीचा असा वापर नियोजनाच्या नियमांत बसतो का. यांपैकी एका प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मिळाले, तरी उरलेल्या दोन प्रश्नांचा निकाल लागत नाही.

सर्वांत आधी हक्काची चौकशी करावी, कारण मैदान ठरवून जाहिरात केल्यानंतर ही अडचण समोर आली तर सगळीच तयारी वाया जाते. इंग्लंडमधील अनेक शहरांना मध्ययुगात राजाच्या सनदेने बाजाराचा हक्क मिळाला. बर्मिंगहॅमची सनद 1166 सालची आहे. असे हक्क आज बहुतेक ठिकाणी कौन्सिलकडे आहेत, आणि 1984 च्या अन्न कायद्यानेही कौन्सिलला आपल्या हद्दीत बाजार स्थापन करता येतो. हक्कधारकाच्या बाजारापासून 6 पूर्णांक 2/3 मैलांच्या, म्हणजे सुमारे 10.7 किलोमीटरच्या आत, त्याच दिवशी दुसरा बाजार भरला, तर त्या बाजारामुळे आपले नुकसान झाले हे सिद्ध न करताही हक्कधारकाला तो न्यायालयामार्फत थांबवता येतो. हे विचित्र वाटणारे अंतर तेराव्या शतकातल्या हिशेबातून आले आहे: दिवसाची चाल 20 मैलांची धरायची आणि तिचे जाणे, खरेदी-विक्री आणि परतणे असे तीन भाग करायचे. हा नियम आजही जिवंत आहे, त्यामुळे तो जुनाट म्हणून सोडून देऊ नये. कौन्सिलच्या बाजार विभागाला जागा आणि तारीख कळवून त्यांचे धोरण विचारावे. अनेक ठिकाणी शुल्क घेऊन लेखी संमती देतात आणि धर्मादाय कार्यक्रमांना ते शुल्क कमी किंवा माफ करतात.

दुसरा भाग सूचनेचा. 1982 च्या स्थानिक शासन (संकीर्ण तरतुदी) कायद्याचे कलम 37 ज्या जिल्हा कौन्सिलने ठराव करून स्वीकारले आहे, तिच्या हद्दीत पाच किंवा अधिक स्टॉल, गाड्या अथवा विक्रीच्या जागा असलेला, इमारतीबाहेर आणि सार्वजनिक रस्ता सोडून भरणारा तात्पुरता बाजार किमान एक महिना आधी कळवावा लागतो. सूचनेत आयोजकाचे पूर्ण नाव व पत्ता, तारखा, उघडण्याची व बंद होण्याची वेळ, जागा आणि जमीन दुसऱ्याच्या ताब्यात असल्यास त्याचे नाव व पत्ता द्यावा लागतो. ही जबाबदारी जागा देणाऱ्यावरही असते, म्हणून ‘मी फक्त शेत भाड्याने दिले’ असे म्हणून त्याची सुटका होत नाही. सूचना न दिल्यास 2,500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पन्न सर्वस्वी किंवा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक, क्रीडाविषयक अथवा राजकीय कार्यासाठी असेल, तर या कलमातून सूट आहे. मात्र ही सूट केवळ सूचनेपुरती असते आणि तिने वर सांगितलेला बाजाराचा हक्क रद्द होत नाही, हे मंडळांनी विशेष लक्षात ठेवावे.

नियोजनाच्या बाबतीत, म्हणजे जमीन कशासाठी वापरता येते याच्या नियमांत, 2015 च्या सरकारी आदेशाने इंग्लंडमध्ये मोकळी जमीन वर्षातून 28 दिवस तात्पुरत्या कामासाठी वापरता येते, परंतु बाजारासाठी त्यांपैकी 14 दिवसच मिळतात. हे दिवस आयोजकाचे नसून जमिनीचे आहेत. तुम्ही प्रथमच बाजार भरवत असलात, तरी त्या वर्षी दुसऱ्या कोणी तेथे भरवलेले बाजार त्याच 14 दिवसांत मोजले जातात, म्हणून जमीनमालकाकडून आधीच्या तारखा लेखी घ्याव्यात. इमारतीच्या आवारातल्या जागेला ही सवलत लागू नाही. त्यामुळे शाळेचे पटांगण किंवा पबचे पार्किंग निवडले असेल, तर नियोजन विभागाला स्वतंत्रपणे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खाद्यपदार्थ नियमितपणे विकणाऱ्याने व्यवसाय सुरू करण्याच्या किमान 28 दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी. ती विनाशुल्क असते आणि नाकारली जात नाही. फराळाबाबत मला अधिक काळजी वाटते ती वेष्टनाची. ऑक्टोबर 2021 पासून विक्रेत्याने स्वतः आधीच पाकीटबंद करून स्टॉलवर ठेवलेल्या पदार्थावर पदार्थाचे नाव आणि सर्व घटकांची यादी छापावी लागते, आणि कायद्याने ठरवलेले 14 ॲलर्जीकारक घटक त्या यादीत ठळक करावे लागतात. शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध, गहू आणि काजू हे सारे त्यांत येतात, म्हणजे चिवडा, चकली, लाडू यांपैकी फारसे काही यातून सुटत नाही. एखाद्या मुलाचा जीव त्या छोट्या लेबलवर अवलंबून असू शकतो, म्हणून हे काम स्टॉलधारकांवर न सोडता आयोजकाने सकाळी प्रत्येक टेबलावर जाऊन तपासावे. त्याच फेरीत विक्रेत्यांची नावे, पत्ते आणि गाड्यांचे क्रमांक नोंदवून घ्यावेत, कारण बनावट किंवा चोरीचा माल आढळल्यास व्यापार मानक अधिकारी (ट्रेडिंग स्टँडर्ड्स, म्हणजे ग्राहक संरक्षणाचे कायदे राबवणारे अधिकारी) ही माहिती प्रथम आयोजकाकडेच मागतात.

स्कॉटलंडमध्ये मात्र व्यवस्था वेगळी आहे: तेथे 1982 च्या नागरी शासन कायद्यानुसार खासगी बाजार चालवणाऱ्याला प्रत्यक्ष परवाना घ्यावा लागतो, थोड्या काळासाठी सहा आठवड्यांपर्यंतचा तात्पुरता परवानाही मागता येतो, आणि धर्मादाय, धार्मिक किंवा सामुदायिक संस्थांच्या कार्यक्रमांना या परवान्यातून सूट आहे.