'डिस्चार्ज दिला' हे इंग्रजीत कसे लिहावे: वैद्यकीय लेखनातील शब्दजोड्या

'पेशंटला डिस्चार्ज दिला' हे वाक्य वॉर्डात रोज कानावर पडते. मात्र तेच केस रिपोर्टमध्ये 'डिस्चार्ज वॉज गिव्हन' असे उतरले की व्याकरण शाबूत असूनही खटकते, कारण इंग्रजीत 'द पेशंट वॉज डिस्चार्ज्ड' असे लिहिण्याची रीत आहे. (शिवाय जखमेतून येणाऱ्या स्रावालाही 'डिस्चार्ज'च म्हणतात, हे विसरून चालत नाही.)

मराठीत देणे, करणे, होणे, येणे एवढ्या क्रियापदांवर बरेचसे काम भागते, तर इंग्रजीत बहुतेक नामांच्या सोबतीला ठरावीक क्रियापदे असतात. म्हणून नवा शब्द वहीत सुटा न टिपता त्याच्या जोडीदारासह टिपावा.

शस्त्रक्रियेचेच पाहा. सर्जन ती 'परफॉर्म' करतो आणि रुग्ण ती 'अंडरगो' करतो. 'ऑपरेट' हे क्रियापद रुग्णाबाबत वापरायचे असेल, तर त्यामागे 'ऑन' हवेच: 'द पेशंट वॉज ऑपरेटेड ऑन'. आपल्याकडच्या प्रबंधांत हे 'ऑन' सर्रास गळते आणि मग रुग्णाला एखाद्या यंत्रासारखे चालवले, असा अर्थ निघू शकतो.

औषधांच्या बाबतीत तर चुकीच्या जोडीने माहितीच बदलते. डॉक्टर औषध 'प्रिस्क्राइब' करतात, परिचारिका ते 'अ‍ॅडमिनिस्टर' करते आणि रुग्ण घरी ते 'टेक' करतो. मराठीत पहिल्या दोन्ही क्रियांना आपण 'औषध दिले' एवढेच म्हणतो. 'प्रिस्क्राइब्ड' लिहिल्याने चिठ्ठी दिल्याचे कळते, पण औषध शरीरात गेल्याचे कळत नाही. त्यामुळे रुग्णांनी औषध खरोखर घेतले की नाही यावर ज्या अभ्यासाचा निष्कर्ष अवलंबून असतो, तिथे हा शब्द तोलूनमापूनच वापरावा.

शब्दयोगी अव्ययांच्या जागी येणारे छोटे शब्दही जोडीचाच भाग असतात: 'ट्रीटेड विथ' यापुढे औषध येते, 'ट्रीटेड फॉर' यापुढे आजार, आणि 'प्रेझेंटेड विथ' यापुढे लक्षणे. तीव्रता सांगताना 'पेन'ला 'सिव्हियर', 'फीव्हर'ला 'हाय' आणि 'ब्लीडिंग'ला 'हेवी' शोभते. 'सिग्निफिकंट' मात्र 'पुष्कळ' या अर्थाने वापरू नये, कारण संशोधनपर लेखात वाचक त्याचा अर्थ संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरलेला असाच घेतो.

शंका आल्यास अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांचे सारांश शोधण्याच्या संकेतस्थळावर, ती जोडी दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधावी, दुसरा पर्यायही तसाच शोधावा आणि दोन्हींच्या निकालांचे आकडे ताडून पाहावेत. केवळ आकड्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही, कारण तिथे जगभरातील लेखकांचे सारांश असतात आणि 'ऑन' गाळणारेही त्यांत सापडतातच. म्हणून निकालांतील काटेकोर संपादनासाठी ओळखल्या जाणाऱ्या नियतकालिकांचे पाच-सहा सारांश उघडून ती जोडी पूर्ण वाक्यात कशी बसली आहे ते वाचावे, आणि ते अख्खे वाक्यच वहीत उतरवून घ्यावे.