बायोगॅस प्रकल्पावर नवीन रुजू होताना

ओल्या कचऱ्याच्या बायोगॅस प्रकल्पावर नोकरीला लागणाऱ्यांनी पहिले काही आठवडे भरणीच्या, म्हणजे टाकीत कचरा घालण्याच्या, तोंडाशीच काढावेत, असे मला अनुभवाने ठामपणे वाटते. गॅसचे मीटर नंतर बघता येते.

हवाबंद टाकीत जिवाणूंचा एक गट अन्न फोडून आम्ले तयार करतो, दुसरा त्यांचे मिथेन करतो. पहिले झपाट्याने वाढतात, दुसरे फार संथ. लग्नसराईत कार्यालयांतून भात-जिलेबीचे पिंप आले आणि सगळे त्याच दिवशी टाकीत ढकलले, की आम्ल साचते. सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) साडेसहाखाली गेला की टाकी आंबलीच समजा. फसगत अशी, की तेव्हाही गॅस भरपूर दिसतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असल्याने शेगडी पेट घेत नाही. अशा वेळी भरणी थांबवायची, चुन्याची निवळी बेताने द्यायची, चालू गोबरगॅसमधली स्लरी (टाकीतून बाहेर पडणारा पातळ राडा) घालायची आणि थांबायचे. साहेब कितीही मागे लागोत, सामू 7 च्या आसपास आल्याशिवाय पुन्हा भरू नका. सामूपट्ट्या खिशातच ठेवा.

जमल्यास आधी शेणाच्या संयंत्रावर हात बसवा. शेण आणि पाणी समसमान, किलोमागे साधारण 40 लिटर गॅस. शेणात मिथेन करणारे जिवाणू मुळातच असतात, त्यामुळे थोडे कमीजास्त झाले तरी निभावते. खरकट्याचे तसे नाही, पण त्यातून गॅस लवकर मिळतो. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच जोरावर घरगुती संयंत्र उभे केले. त्याला 2006 साली शाश्वत ऊर्जेसाठीचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. हे काम जरूर अभ्यासा.

नारळाच्या करवंट्या, अंड्याची टरफले, हाडे भरणीआधीच वेगळी काढा.

स्लरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, याचे मला वाईट वाटते. कचऱ्यातले नत्र जवळपास सगळे तिच्यात उतरते, त्यातले बरेचसे अमोनियाच्या रूपात. उन्हात वाळत घातली तर ते उडून जाते. ताजी स्लरी पाटाच्या पाण्यातून द्या, नाहीतर पालापाचोळ्याच्या थरांवर ओतून कुजवा. शेतकरी स्वतः डबे घेऊन येतील.

आणि टाकीत उतरू नका, रिकामी दिसली तरी. आत प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइड वाढला की त्याचा वासही नाकाला कळेनासा होतो. गाळ काढायला वायुमापक आणि श्वसनसाधने असलेले प्रशिक्षित पथकच बोलवा. तसे पथक मिळत नसेल तर काम पुढे ढकला.