कंबरदुखीच्या पेशंटचे आतले स्नायू सोनोग्राफीवर मोजायचे कसे

गुढीपाडव्याच्या आसपास साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणीकडची ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परत येतात, आणि मग आमच्या फिजिओच्या ओपीडीत दोन-अडीच महिने नुसती कंबर, कंबर आणि कंबर. पाच-सहा महिने वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, त्या कंबरेचं काय होणार सांगा. एमपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीत मास्टर्स करणाऱ्या, पोरापोरींना थिसिसला विषय हवा असतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच की मॅडम सोनोग्राफीवर कोअर मसल्स, म्हणजे कंबरेला आतून धरून ठेवणारे स्नायू, मोजायचेत, सुरुवात कुठून करू. तर हे सगळं एकदाच लिहून ठेवते, म्हणजे मी ज्या चुका केल्या त्या तुमच्या होणार नाहीत.

सुरुवात मशीनपासून नाही, कागदापासून. आपल्या देशात गर्भलिंग तपासणी रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा आहे, १९९४ चा, २००३ मध्ये आणखी कडक झालेला, आणि बीडमध्ये तो का लागतो हे कोणाला सांगायला नको, २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं फक्त ८०७ मुली होत्या. त्यामुळं फिजिओनं पोर्टेबल मशीन घ्यावं आणि गाडीत टाकून मजुरांच्या झोपडीवर, कोपीवर, जाऊन मजुरांचे स्नायू बघावेत हे डोक्यातून काढून टाका. बाहेरच्या देशात फिजिओ स्वतः प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, धरतात, तिकडचे पेपर वाचून इथं तसं करायला गेलात तर अभ्यास राहील बाजूला. नोंदणी असलेलं सेंटर, नोंदणी असलेलं मशीन आणि कायद्यानं पात्र असलेला डॉक्टर, या तिन्ही गोष्टी पाहिजेतच. म्हणून एखाद्या रेडिओलॉजिस्टला पहिल्या दिवसापासून अभ्यासात सोबत घ्या, गाईड म्हणून घेता आलं तर फारच छान. प्रोब त्यांच्या हातात, पेशंट तुमच्या हातात, अशी वाटणी करून घ्या. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि व्यायाम देऊन आधी-नंतर मोजणार असाल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी करा, नंतर करू म्हणून ठेवू नका.

आता हे बघायचंच कशासाठी, ते दोन वाक्यांत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं की धडधाकट माणसानं नुसता हात उचलला तरी पोटातला सगळ्यात खोल स्नायू, ट्रान्सव्हर्सस ॲबडॉमिनिस, थोडक्यात टीआरए, हाताच्या आधी कामाला लागतो आणि कंबरदुखीवाल्यात तो उशिरा लागतो. ते त्यांनी बारीक तारेच्या ईएमजीनं, म्हणजे स्नायूतली विजेची हालचाल टिपून, मोजलं होतं, सोनोग्राफीनं नाही, हे लक्षात ठेवा, व्हायव्हाला विचारतात. सोनोग्राफीचं काम तिथल्याच हाइड्स यांचं, १९९४ मध्ये त्यांना दिसलं की ज्या बाजूला दुखतं त्या बाजूचा मल्टिफिडस, म्हणजे मणक्याला चिकटून असलेला पाठीचा खोल स्नायू, बारीक झालेला असतो, आणि १९९६ मध्ये त्याहून महत्त्वाचं की दुखणं थांबलं तरी तो स्नायू आपोआप भरून येत नाही. माझ्या मते हा दुसरा मुद्दाच आपल्या कामाचा आहे, कारण आपला माणूस दुखणं कमी झालं की दसऱ्याला परत कोयता घेऊन निघतो.

पेशंट घेताना वय, वजन, उंची, दुखायची बाजू, किती महिन्यांपासून, हे लिहाच. पाय लुळा पडतोय, लघवी-संडासचा ताबा गेलाय, ताप आहे, वजन घटतंय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, तर तो पेशंट अभ्यासाला नाही, आधी डॉक्टरकडं पाठवायचा, मणक्याचा टीबी आपल्याकडं आहे हे विसरू नका. गरोदर बाई अभ्यासात नको. आणि पोटाचं ऑपरेशन झालंय का हे प्रत्येक बाईला शांतपणे विचारा. मी पहिल्यांदा एका मावशीला सोनोग्राफी करायचीय म्हटलं तर त्या पदर आवळून बसल्या, म्हणाल्या, "माय, माझी तर पिशवी काढलीया, आता कशाची सोनोग्राफी?" आपल्या भागात सोनोग्राफी म्हणजे पोटातलं लेकरू नाहीतर पिशवी, तिसरं काही नाही. मी म्हणलं, "मावशी, पिशवी नाही बघायची, कंबरेला धरून ठेवणारं मांस बघायचंय, बप्पाचंही, गडीमाणसांचंही, असंच बघणार आहोत." मग तयार झाल्या. तर ऑपरेशन झालेल्या बायका घ्यायच्या की नाहीत हे आधीच ठरवा, घेतल्या तर त्यांचा गट वेगळा लिहा, मधेच नियम बदलू नका. संमतीपत्र मराठीत, वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या माणसासमोर वाचून दाखवायचं, मग अंगठा. बायकांच्या वेळी खोलीत बाईमाणूस पाहिजे, आणि जेवढं पोट लागतं तेवढंच उघडं, बाकी चादर.

आता पोट. पेशंट आल्या आल्या झोपवून मोजायचं नाही, एसटीतून हादरे खात आलेला असतो. लघवीला जाऊन येऊ द्या, भरल्या पोटी नको, मग उताणं झोपवा, गुडघे वाकवून पाय टेकवलेले, आणि दहा मिनिटं नुसतं पडू द्या. जेल कोमट करून घ्या, एसीच्या खोलीतलं थंडगार जेल पोटावर पडलं की पोट चटकन आत जातं आणि तुमचं विश्रांतीचं माप तिथंच बिघडतं.

प्रोब आडवा, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, काखेच्या पुढच्या घडीपासून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर. बारीक माणसाला लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाच्या, प्रोबनं छान दिसतं, जाड माणसाला कर्व्हिलिनिअर, म्हणजे गोलसर तोंडाचा, घ्या, पण एकाच पेशंटला आज एक आणि सहा आठवड्यांनी दुसरा असं नको. स्क्रीनवर तीन काळसर पट्टे दिसतात, मधे फॅशियाच्या, म्हणजे स्नायूवरच्या पातळ आवरणाच्या, पांढऱ्या रेघा. वरचा एक्स्टर्नल ऑब्लिक, मधला जाडजूड इंटर्नल ऑब्लिक, आणि सगळ्यात खाली भाकरीच्या पापुद्र्यासारखा पातळ तो टीआरए. बेंबीच्या दिशेला टीआरए निमुळता होत संपतो, ते टोक चित्रात आलंच पाहिजे, कारण त्या टोकापासून ठरावीक अंतरावर, आम्ही दोन सेंटीमीटर धरतो, तिथंच प्रत्येक वेळी जाडी मोजायची. टोक दिसत नसेल तर पुढच्या वेळी तुम्ही नेमकी तीच जागा मोजताय हे कशावरून सांगणार.

इथंच माझी पहिली बॅच गेली. एका सेंटरवर आम्ही बारा पेशंट केले आणि बाराही फेकून द्यावे लागले. चूक आमची होती, आम्ही डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. त्यांना रोज लिव्हर-किडनी बघायची सवय, गॅस बाजूला सारायला ते प्रोब दाबून धरतात, आणि आपला हा तीन-चार मिलिमीटरचा स्नायू दाबला की चपटा होतो. वर श्वास कुठं होता हे कुणी लिहिलेलंच नाही. श्वास घेताना-सोडताना टीआरएची जाडी बदलते, म्हणून विश्रांतीचं माप नेहमी साधा श्वास सोडून झाल्यावर, शेवटी. श्वास रोखून धरा म्हणायचं नाही, रोखला की पोट कडक. मी पेशंटच्या पोटाकडं बघत बसते आणि श्वास संपला की डॉक्टरांना "आता" म्हणते, ते फ्रीझ करतात. त्याहून चांगलं म्हणजे आठ-दहा सेकंदांची क्लिप सेव्ह करा, फ्रेम नंतर निवडता येते. प्रोब जेलच्या थरावर नुसता टेकलेला आणि पोटाला काटकोनात हवा, स्नायू आवळताना हात हलला तर जाडी वाढल्यासारखी दिसते आणि स्नायूनं काहीच केलेलं नसतं.

आवळायला सांगणं हा खरा कस आहे. "पोट आत घ्या" म्हटलं की माणूस दणकून श्वास ओढतो, बरगड्या वर, तिन्ही थर फुगतात, आणि आपल्याला हवा असतो एकटा खालचा. ड्रॉ-इन (पोट हलकेच आत ओढणं) वगैरे शब्द मजुराला सांगून उपयोग नाही. मी बायकांना सांगते, मावशी, निऱ्या खोचताना बेंबीखालचं पोट जरासं आत घेता ना तसं घ्या, पण रुपयात चार आणेच जोर लावा. गड्यांना म्हणते, बप्पा, करदोडा जरा सैल झाला पाहिजे एवढंच खालचं पोट आत, श्वास चालू ठेवा. चार आणे म्हटलं की बरोबर कळतं, आणि स्क्रीनवर बघा, टीआरए जाड होत बाजूला सरकतो, त्याचं ते टोक बेंबीपासून लांब जातं आणि वरचे दोन जवळपास शांत. हे दिसलं की समजायचं जमलं. आधी दोन-तीनदा सराव, मग तीन वेळा मोजायचं, दोन्ही बाजूंनी. आणि कोणत्या शब्दांत सांगितलं ते लिहून ठेवा, सगळ्या पेशंटना तेच शब्द.

मोजताना कॅलिपर फॅशियाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, पांढरी रेघ धरायची नाही. हिशोब सोपा आहे, आवळलेली जाडी भागिले विश्रांतीची जाडी. समजा विश्रांतीला ३.२ मिलिमीटर आणि आवळल्यावर ४.८, तर रेशो १.५, म्हणजे पन्नास टक्के वाढ. पण याच उदाहरणात विश्रांतीच्या मापात ०.३ ची चूक झाली आणि ३.५ आलं तर रेशो १.३७ वर येतो, एवढा फरक तर सहा आठवड्यांच्या व्यायामाचा म्हणून लोक थिसिसमध्ये लिहितात. म्हणून तीन मापांची सरासरी घ्या. आणि खरा अभ्यास सुरू करण्याआधी दहा-बारा धडधाकट लोकांवर, आपलेच क्लासमेट घ्या, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून आयसीसी, म्हणजे दोन्ही वेळची मापं किती जुळतात तो आकडा, आणि मापाची चूक, म्हणजे एसईएम, काढा. एसईएम गुणिले २.७७ केलं की समजतं की किती फरक पडला तर तो खरा मानायचा, त्याच्या आतला फरक व्यायामाचा म्हणायचा नाही.

पाठीला पेशंट पालथा, पोटाखाली उशी, कंबरेचा बाक सपाट व्हायला हवा. मल्टिफिडससाठी कर्व्हिलिनिअर प्रोब. आधी उभा, बरोबर मधल्या रेषेवर, खाली सेक्रम, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड, शोधा आणि तिथून वर एकेक मणका मोजत या, अंदाजानं एल फोर, म्हणजे कंबरेचा चौथा मणका, म्हणू नका, चुकतं. मग प्रोब किंचित बाजूला सरकवून आतल्या दिशेनं जरा कलवा, फासेट जॉइंट, म्हणजे मणक्यांमधले मागचे छोटे सांधे, दिसायला लागतात, बालाघाटची डोंगररांग लांबून दिसते तशी एकामागं एक टेकाडं. एल फोर-फाइव्हच्या टेकाडाच्या माथ्यापासून वर फॅशियापर्यंत जी जाडी ती मल्टिफिडसची. आवळायला लावताना समोरच्या बाजूचा हात, म्हणजे उजवा मल्टिफिडस बघतोय तर डावा हात, टेबलापासून पाचेक सेंटीमीटर उचलायला सांगा, हातात हलकं वजन देऊन. क्षेत्रफळ हवं असेल तर प्रोब आडवा करून कडेनं रेघ ओढावी लागते, खाली लॅमिना, आत स्पायनस प्रोसेस, म्हणजे मणक्याच्या हाडाचेच भाग, या कडा स्पष्ट असतात पण बाहेरची कड, जिथं शेजारचा स्नायू इरेक्टर स्पायनी लागतो, ती जुन्या दुखण्यात चरबीमुळं धूसर होते आणि दोन माणसं दोन ठिकाणी रेघ ओढतात. नवशिक्यानं जाडीवरच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे.

चित्रं कॅलिपरशिवाय सेव्ह करा, नावाऐवजी कोड द्या, आणि मोजणाऱ्याला कोणाची कंबर दुखते ते माहीत नको. इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आधी चित्रातल्या स्केलवरून मिलिमीटर सेट करायचं, मग मोजायचं. हे विसरून नुसते पिक्सेल मोजलेल्या फाइली माझ्याकडं दर वर्षी येतात.

आता निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्या. जाडी वाढली म्हणजे ताकद वाढली असं नाही. टीआरए आणि इंटर्नल ऑब्लिक हलक्या आवळण्यात, पूर्ण जोराच्या साधारण वीस टक्क्यांपर्यंत, छान जाड होताना दिसतात, त्यापुढं जोर वाढला तरी जाडी फारशी वाढत नाही, आणि एक्स्टर्नल ऑब्लिकचं तर जाडीवरून काहीच धड सांगता येत नाही. चार आणे जोर म्हणते ते यासाठीही. स्नायू किती लवकर कामाला लागतो हे साध्या स्थिर चित्रावरून कळत नाही. आणि २०१६ च्या कोक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, जुन्या कंबरदुखीला मोटर कंट्रोल व्यायाम, म्हणजे हेच खोल स्नायू आवळायला शिकवणारे, बाकीच्या व्यायामांपेक्षा वरचढ ठरलेले नाहीत, तेव्हा तुमच्या पेशंटचा टीआरए फुगला आणि दुखणंही कमी झालं तरी एकामुळं दुसरं झालं असं लिहू नका, दोन्ही आकडे शेजारी ठेवा, बस.

दुसऱ्यांदा मोजायला तीच जागा सापडण्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर बेंबी, तीळ, ऑपरेशनची खूण आणि प्रोबची जागा मार्करनं काढून ठेवा, त्यावर कोड आणि तारीख. आणि फॉलोअपचं कॅलेंडर आपल्या सोयीनं नाही, त्यांच्या सोयीनं लावा. एप्रिलमध्ये पहिलं माप, जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत कोणी येणार नाही हे धरून चाला, मग जुलै-ऑगस्टमध्ये दुसरं. जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं द्या, त्या दिवसाचा रोज बुडतो त्याचाही विचार एथिक्सच्या अर्जात लिहा. सप्टेंबरच्या पुढं ढकललंत तर मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, आणि दसऱ्यानंतर फोन लावला तर तुमचा पेशंट फडात असतो.