डॅशबोर्डचा लाइट लागत नाही? आधी बाकीचे दिवे बघा

हेडलाइट व्यवस्थित लागतात, पण मीटरमागचा उजेड गायब. अशा वेळी बरेच जण थेट डॅशबोर्ड खोलायला घेतात. तशी घाई करू नका. दोष पुष्कळदा मीटरच्या बाहेरच असतो, आणि तो कुठे आहे हे गाडीचे बाकीचे दिवे पाच मिनिटांत सांगतात.

इंजिन सुरू न करता चावी फक्त ऑनवर फिरवा. ऑइल, बॅटरी, एअरबॅगचे इशारा दिवे लागले तर मीटरला सप्लाय मिळतोय, अडचण फक्त बॅकलाइटची आहे. तेही लागत नसतील आणि काटेही जागचे हलत नसतील, तर ती वेगळी भानगड, तिच्याबद्दल शेवटी. आता पार्किंग लाइट लावून गाडीला एक चक्कर मारा. टेल लाइट आणि नंबर प्लेटचा दिवा पाहा, मग आत येऊन एसीची बटणं आणि स्टिरिओ उजळलेत का ते बघा. टेल लाइट चालू पण आतलं सगळंच काळं असेल तर संशय डिमरवर, म्हणजे आतला उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळीवर. टेल लाइटही बंद असेल तर फ्यूजवर. बाकी सगळं उजळलंय आणि एकटा मीटर काळा असेल, तरच तो खोलायची वेळ येते.

डिमर म्हणजे स्टिअरिंगजवळचं छोटं चाक. काही गाड्यांत ते काम ट्रिप मीटरची कळ फिरवून होतं. डॅशबोर्ड पुसताना हे चाक खाली सरकतं आणि उजेड शून्यावर जातो. ही चूक इतकी सर्रास होते की पहिला हात तिथेच जायला हवा. चाक पूर्ण वर न्या. जुन्या पद्धतीचा रिओस्टॅट (फिरवून वीज कमी-जास्त करणारा डिमर) असेल तर दहा-पंधरा वेळा वरखाली फिरवा. फिरवताना उजेड फडफडला तर आतला ट्रॅक झिजलाय, डिमर बदलावा लागेल. वायरिंग डायग्राम हाताशी नसताना त्याच्या वायरी थेट जोडून बघू नका. काही गाड्यांत डिमर अर्थच्या (बॉडीला जोडलेल्या निगेटिव्हच्या) बाजूला असतो, काहींत सप्लायच्या. अंदाज चुकला तर नवाच शॉर्ट होईल. आणखी एक: दिवसा हेडलाइट लावल्यावर मीटर मंद होत असेल तर तो बिघाड नव्हे, अनेक गाड्यांत रचनाच तशी असते.

फ्यूज नुसत्या डोळ्यांनी तपासू नका, तारेतली बारीक चीर दिसत नाही. झाकणावरच्या नकाशात टेल, पॅनेल किंवा इल्युमिनेशन असं लिहिलेला फ्यूज शोधा. त्याच्या डोक्यावर धातूचे दोन टिपके उघडे असतात. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला लावा, पार्किंग लाइट चालू ठेवा आणि लाल पिन दोन्ही टिपक्यांवर टेकवा. दोन्हीकडे साधारण १२ व्होल्ट आले तर फ्यूज ठीक. एकीकडेच आले तर उडालाय. कुठेच नाही, तर रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा लाइटच्या स्विचकडे वळा. बदलताना अँपिअर तेच हवेत: ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा.

नवा फ्यूजही उडाला तर मोठा घालायचा मोह टाळा. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. कारण शोधा. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओची इल्युमिनेशनची वायर, बहुधा नारिंगी, उघडी राहून धातूला लागते. डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर वाकून वाकून सोलते. टेल लाइटच्या होल्डरमध्ये पाणी जातं. फ्यूज खर्ची पडू नयेत म्हणून फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो भक्क पेटतो. आता एकेक कनेक्टर सुटा करत जा. जो सोडल्यावर बल्बचा उजेड एकदम उतरेल, दोष त्या फांदीवर.

मीटर काढायचाच झाला तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि एअरबॅगची साठलेली वीज उतरायला गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. स्टिअरिंग पूर्ण खाली करून कॉलमवर कापड टाका. फ्रेमचे स्क्रू काढा, क्लिपा ओढा, मग मीटरचे स्क्रू. मागच्या कनेक्टरचं कुलूप दाबल्याशिवाय तो खेचू नका. काट्यांना बोट लावू नका. मीटर सुटा असताना चावी ऑन करू नका, काही गाड्यांत एअरबॅगचा दिवा कायमचा लागून राहतो आणि तो स्कॅनरनेच (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या तपासणी यंत्राने) घालवावा लागतो.

मागे प्लास्टिकचे छोटे होल्डर दिसतील. पाव वळसा डावीकडे फिरवला की बाहेर येतात. काच काळवंडली असेल तर बल्ब गेला. आकार बहुधा टी५ किंवा टी१० असतो, जुन्यावरचा वॅटेज वाचून तोच घ्या. जास्त वॅटचा बल्ब होल्डर वितळवतो. एक गेला असेल तर सगळेच बदला, नाहीतर महिन्याभरात पुन्हा खोलावं लागेल. बल्ब चांगला असूनही लागत नसेल तर होल्डरच्या पत्त्या किंचित वर उचला आणि त्या जिथे टेकतात तो तांब्याचा ट्रॅक खोडरबराने हलकेच घासा. एलईडी बसवलात आणि लागला नाही, तर अर्धा वळसा उलटवून बसवा. त्याला प्लस-मायनस असतं. नव्या मीटरमध्ये एलईडी बोर्डावरच डाग देऊन बसवलेले असतात. तो मीटर दुरुस्तीवाल्याकडेच द्या. अख्खा बदलायला गेलात तर किलोमीटरची नोंद आणि अनेकदा इमोबिलायझरही (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) नव्याने जुळवावा लागतो.

आता पूर्ण मेलेल्या मीटरकडे. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग मीटर आणि इग्निशनचे फ्यूज तपासा. ते ठीक असतील तर अर्थ: लाइट चालू ठेवून, कनेक्टर जोडलेलाच असताना, मीटरची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थचा बोल्ट काढून खालचा गंज खरवडा आणि घट्ट आवळा. सप्लाय आणि अर्थ दोन्ही नीट असूनही मीटर मुका असेल तर स्कॅनर लावा. इंजिन उत्तर देतंय पण मीटर नाही, असं दिसलं तर दोष मीटरच्या बोर्डात किंवा त्याच्या डेटा वायरींत.

परत बसवताना फ्रेम लावण्याआधी कनेक्टर घट्ट बसवा, बॅटरी जोडा आणि अंधारात डिमर खालपासून वरपर्यंत फिरवून मीटरचा प्रत्येक कोपरा उजळतोय का ते बघा.