पायलटने एअर ट्रॅफिक कंट्रोलरला रेडिओवर थँक्यू कधी आणि कसं म्हणायचं

आधी रीडबॅक नीट द्या, म्हणजे कंट्रोलरने सांगितलेलं रनवे, उंची, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) जसंच्या तसं परत बोलून दाखवा आणि सोबत कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), कंट्रोलरला ह्याहून मोठा मान नाही खरंच. फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती किंचाळल्यासारखी शिट्टी येते, म्हणून आधी दोन सेकंद ऐका. थँक्यूची जागा म्हणजे हँडऑफ, एक कंट्रोलर तुम्हाला पुढच्या कंट्रोलरकडे सोपवतो तेव्हा, नवी फ्रिक्वेन्सी रीडबॅक केली की मागे "थँक्यू, गुड डे" जोडायचं, बास. गर्दी असेल तर तेही राहू द्या, कोणी रागवत नाही. १२१.५ ह्या फ्रिक्वेन्सीवर मात्र आभारबिभार नकोच, ती इमर्जन्सीची. आणि वादळातून कोणी वाट काढून दिली असेल तर उतरल्यावर फोन करून सांगा, फार बरं वाटतं त्यांना.